ॲल्युमिनियममध्ये तुटून अडकलेला लोखंडी बोल्ट: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. ग्रासकटर, फवारणीचे पंप, टू-व्हीलरची इंजिनं आणि होड्यांची आउटबोर्ड मशीनं येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढे दोन महिने मशीनं ताडपत्रीखाली पडून राहतात आणि नारळी पौर्णिमा जवळ आली की एकदम सगळ्यांना घाई होते. मग दर दुसऱ्या दिवशी कोणीतरी हातात हाउसिंग (मशीनचं बाहेरचं कवच) घेऊन उभा असतो आणि भोकात तुटलेला बोल्ट. तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकदाच नीट लिहून ठेवतोय.

बोल्ट अजून तुटलेला नाही, पण हलतच नाही. जोर लावू का?

नको. आधी इथेच थांबा. हा प्रश्न वेळेवर विचारलात तर खालचे निम्मे प्रश्न तुम्हाला लागणारच नाहीत.

पान्यावर जोर लावताना हाताला काय कळतंय तिकडे लक्ष द्या. बोल्ट सुटणार असेल तर एकदम "कट्" असा आवाज येतो आणि पाना थोडा पुढे सरकतो. तुटणार असेल तर तो मऊ लागतो, पाना फिरतोय असं वाटतं पण सोडला की परत मागे येतो, रबर पिळल्यासारखं. हे रबरासारखं जाणवलं की त्याच क्षणी हात काढायचा. एम६ चा (६ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट तर साध्या दहाच्या पान्याने सुद्धा सहज तुटतो, लांब पाइप घालायची गरजच नाही.

आता मुंडीवर हातोडीचे सरळ ठोके द्या, पितळेचा तुकडा मध्ये ठेवून, सात-आठ ठोके, फार जोरात नाही. मग तापवा (खाली लिहिलंय). मग सोडवायच्या आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित ढकला, नंतर सोडवायच्या दिशेने. जरा हलला की लगेच पूर्ण फिरवू नका. पाव फेरा बाहेर, परत थोडा आत, तेल, परत पाव फेरा. कुर्र कुर्र असा आवाज येईल आणि आट्यांतून पांढरी पूड बाहेर पडेल. ती पूड दिसली की समजा काम होतंय. घाई केलीत तर हीच पूड आट्यांत दाबली जाते आणि अर्धा बाहेर आलेला बोल्ट तिथेच तुटतो, आणि ते फार जिवाला लागतं कारण सगळं झालेलं असतं.

जुन्या जपानी गाड्यांचे कव्हरचे चौफुलीचे स्क्रू असतील तर साध्या स्क्रू-ड्रायव्हरने खाचा घालवू नका, हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. त्या स्क्रूंची खाच फिलिप्सची नसते, जपानी मापाची असते, फिलिप्सचा बिट त्यात नीट बसत नाही आणि वर सरकून खाच खाऊन टाकतो.

एवढा घट्ट का होतो? गंज म्हणाल तर बोल्ट आतून चकचकीत दिसतो.

गंज लोखंडाचा नसतोच, ॲल्युमिनियमचा असतो. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओल आली, त्यातून खारट ओल, की छोटी बॅटरी तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि लोखंड वाचतं. झिजलेल्या ॲल्युमिनियमची जी पांढरी पूड होते तिला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, आणि आट्यांत जागा असते कुठे? मग ती पूड पाचर मारल्यासारखी बोल्टला चारी बाजूंनी आवळते.

म्हणून किनाऱ्यावरच्या गाड्यांचं आणि घाटावरच्या गाड्यांचं काम वेगळं असतं. आमच्याकडे दोन पावसाळे गेलेला साधा झिंक प्लेटिंगचा बोल्ट जितका चिकटतो तितका घाटावर कितीतरी वर्षांत चिकटत नाही.

डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवलं तरी काही झालं नाही?

होणार नाही फारसं. तेल आत शिरायला फट लागते आणि इथे फट पुडीने भरलेली आहे. तेल ती पूड विरघळवत नाही. तेलाचा खरा उपयोग बोल्ट एकदा हलल्यावर आहे. काही जण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात, ते साध्या तेलापेक्षा चांगलं शिरतं हा माझा अनुभव आहे, पण ॲसिटोन पटकन पेट घेतं, त्यामुळे हे लावून लगेच टॉर्च पेटवायचा नाही.

त्यापेक्षा मेणबत्ती चांगली. भाग तापवायचा आणि बोल्टच्या कडेला मेणबत्ती टेकवायची, मेण पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं. साधं मेण, किराणा दुकानातलं.

गरम किती करायचं? ॲल्युमिनियम वितळेल अशी भीती वाटते.

भीती बरोबर आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, इंजिनाचं कास्टिंग त्याच्याही आधी, आणि लोखंडासारखं ते लाल होऊन सांगत नाही. दिसायला तसंच्या तसं असतं आणि एकदम कोपरा खाली बसतो.

पण तेवढं तापवायची गरजच नाही. एक मीटर लांब ॲल्युमिनियमची पट्टी १०० डिग्रीने तापवली तर साधारण २.३ मिलिमीटर वाढते, लोखंडाची तेवढीच पट्टी १.२ च्या आसपास. म्हणजे दोन्ही सारखे तापले तरी भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं. एम८ च्या भोकात १०० डिग्रीला हा फरक जेमतेम शंभरावा भाग मिलिमीटर भरतो, ऐकायला काहीच नाही, पण पुडीची पकड मोडायला तेवढं पुरतं.

मी १५० ते २०० डिग्रीपर्यंत नेतो. मोजायला काही नसेल तर घावणे घालायच्या आधी आपण तव्यावर पाणी शिंपडून बघतो ना, अगदी तसं. थेंब नुसता चर्र करून उडाला तर अजून थोडं, थेंबाचा मणी होऊन नाचायला लागला की बास, आच बाजूला. ज्योत बोल्टवर नाही, बोल्टच्या आजूबाजूच्या ॲल्युमिनियमवर फिरवायची, एका जागी धरायची नाही. तापल्यावर बोल्टच्या टोकाला बर्फाचा खडा टेकवला तर अजून फायदा.

ऑइल सील, ओ-रिंग, प्लास्टिक, वायरिंग आधी काढून घ्या. पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर तर लांबच ठेवा. ग्रासकटरची टाकी रिकामी केली म्हणून त्यात वाफ नसते असं नाही.

मुंडी तुटली पण थोडा दांडा वर राहिलाय. ग्रिप प्लायरने काढू?

जो बोल्ट मुंडीवरून तुटेपर्यंत हलला नाही तो प्लायरने कसा हलेल? प्लायर घसरतो आणि राहिलेला दांडा गोल गुळगुळीत करून ठेवतो, मग पुढच्या माणसाला धरायला काही राहत नाही. डबल नट लावायची युक्ती (दोन नट एकमेकांवर आवळून खालचा फिरवायचा) पण नुसत्या घट्ट स्टडला, म्हणजे मुंडी नसलेल्या बोल्टला, ठीक आहे, खाऱ्या पाण्याने चिकटलेल्याला नाही.

इथे नट वेल्ड करा. माझं या कामातलं सगळ्यात भरवशाचं हत्यार हेच आहे. एम६ चा तुकडा असेल तर त्यावर एम८ चा नट ठेवायचा म्हणजे भोकात वेल्ड भरायला जागा मिळते, आणि नटाच्या आत मध्यापासून भरत वर यायचं. मिग (तार आपोआप पुढे येणारं वेल्डिंग) असेल तर उत्तम. साधं आर्क असेल तर २.५ चा रॉड, आणि एम८ च्या खाली आर्कने करायला हात बसलेला पाहिजे. लोखंडाचं वेल्ड ॲल्युमिनियमला सहसा धरत नाही, त्यामुळे तुकडा पृष्ठभागाच्या एखादा मिलिमीटर खाली असला तरी आधी त्यावर थेंब थेंब भरून वर आणता येतं.

यात नट धरायला मिळतो हा अर्धाच फायदा, दुसरा अर्धा उष्णतेचा. बोल्ट आतून लालबुंद होतो, फुगतो, पूड चिरडतो आणि गार होताना आकसतो. लाली गेली की मेण लावा आणि गरम असतानाच हळूच हलवून बघा. पहिला नट तुटून हातात आला तर निराश होऊ नका, दुसरा लावा, तिसरा लावा. प्रत्येक वेळी तो बोल्ट थोडा सैल होत असतो.

बॅटरीची वायर काढल्याशिवाय आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असेल तर तो सोडल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नका. आणि ब्रेक क्लीनर मारून साफ केलेल्या जागी वेल्ड नको. काही क्लीनरमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं, त्याचा वेल्डिंगच्या आचेत फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे आणि थोडासाही जिवावर बेतू शकतो. साबणाच्या पाण्याने धुवा, सुकवा, मग वेल्ड करा.

आतमध्ये तुटलाय, वर काहीच नाही आणि वेल्डिंग पण नाही. ड्रिल मारू?

मारा, पण सेंटर पंच लागेपर्यंत ड्रिल मशीन हातात घेऊ नका. तुटलेलं टोक कधी सपाट नसतं, एका बाजूला उतरतं असतं, आणि ड्रिल त्या उतारावरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं. लोखंड कडक आणि शेजारी लोण्यासारखं ॲल्युमिनियम, ड्रिलला कुठे जायला आवडेल ते सांगायला नको. म्हणून आधी टोक छोट्या ग्राइंडिंग पॉइंटने सपाट करा, मग पंच, मग भिंगातून बघा की पंच खरंच मध्यात आहे का. नसेल तर पंच तिरका धरून मध्याकडे ढकलत आणा. या पाच मिनिटांत सगळा निकाल लागतो.

वरचं भोक शाबूत असेल तर लेथवाल्याकडून एक छोटा बुश करून घ्या, बाहेरून भोकात बसेल आणि आतून ३ चं ड्रिल जाईल असा. बुश असला की ड्रिल भटकत नाही.

एम६ असेल तर आधी २.५ किंवा ३, मग ४. शक्यतो डाव्या आट्याचं ड्रिल घ्या आणि मशीन उलटं फिरवा. बऱ्याचदा ४ च्या ड्रिलला बोल्ट स्वतःच धरतो आणि गोल फिरत बाहेर येतो, कारण मधलं मटेरियल निघाल्यावर त्याची भिंत पातळ होते आणि आवळ सुटते. नाहीच आला तर ५ पर्यंत जा. ५ हे एम६ च्या टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) आधीचं ड्रिल आहे, त्यामुळे मध्य बरोबर असेल तर आता आट्यांत फक्त स्प्रिंगसारखं वेटोळं राहतं, ते टोकदार स्क्रायबरने उचकटून चिमट्याने ओढता येतं. एम८ ला हेच माप ६.८, एम१० ला ८.५ (हे नेहमीच्या, जाड आट्यांचं).

स्पीड बद्दल: ३ च्या ड्रिलला साधारण १५०० ते २००० आरपीएम, ५ ला हजाराच्या आसपास, आणि तेल. चीप बाहेर येत नसेल आणि नुसता चीं आवाज येत असेल तर थांबा, तुम्ही बोल्ट कापत नाही आहात, घासून कडक करताय. ॲलन बोल्ट (मुंडीत षटकोनी खाच असलेले) बहुतेक १२.९ ग्रेडचे, म्हणजे खूप कडक असतात, त्यांना साधं एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल लवकर बोथट होतं, कोबाल्टचं घ्या.

इझी आउट वापरू का? सगळे तेच सांगतात.

चिकटलेल्या बोल्टला नाही. माझं हे मत ठाम आहे. इझी आउट (बोल्टात पाडलेल्या भोकात उलटा फिरवून बोल्ट काढायचं हत्यार) कडक असतो आणि कडक म्हणजे ठिसूळ. मुंडीला पूर्ण जाडीचा दांडा असताना जो बोल्ट सुटला नाही, तो त्यात भोक पाडून तीन मिलिमीटरच्या काडीने सुटेल ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यातून तो निमुळता असतो, आत जाताना बोल्टला आतून फुगवतो, म्हणजे अजून घट्ट करतो. जास्त घट्ट केल्यामुळे तुटलेला, न चिकटलेला बोल्ट असेल तर वापरा, तिथे तो दोन बोटांनी सुद्धा येतो.

माझा इझी आउट आत तुटला. टॅप तुटला तरी हेच का?

हो, दोन्हीत आता ड्रिल चालणार नाही. नट वेल्ड करून बघता येतं, नाहीतर स्पार्क इरोजनवाल्याकडे न्या. पुण्यात भोसरीला, कोल्हापूरला उद्यमनगरात टूलरूमचं काम करणाऱ्यांकडे ही मशीनं असतात. त्यात पितळेचा किंवा तांब्याचा इलेक्ट्रोड ठिणग्यांनी मधला कडक तुकडा खातो, आटे तसेच राहतात. भाग पूर्ण सुटा करून न्यावा लागतो. आणि तिसरा मार्ग पुढच्या प्रश्नात.

तुरटीच्या पाण्यात बोल्ट विरघळतो म्हणतात, हे खरं आहे का?

खरं आहे आणि मला ही गोष्ट फार आवडते, कारण वस्तू घरातली आहे. दाढी झाल्यावर सलूनवाला जी फिरवतो, गढूळ पाण्यात आपण जी फिरवतो, तीच तुरटी. घड्याळजी लोक पितळी भागात तुटलेले बारीक स्टीलचे स्क्रू याच पद्धतीने घालवतात. तुरटीचं गरम पाणी थोडं आम्लधर्मी असतं, ते साध्या स्टीलला हळूहळू खातं आणि ॲल्युमिनियमला फारसा त्रास देत नाही.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात मिरकरवाड्याचे एक काका थर्मोस्टॅटचं हाउसिंग घेऊन आले. कुठल्यातरी दुरुस्तीत कोणीतरी साधे लोखंडी बोल्ट घातले होते, त्यातला एक एम६ तुटला, तो काढायला गेलेल्याचा टॅप आत तुटला. काका म्हणाले, "मिस्त्री, नवीन मिळंल पण पंधरा दिवसांनी, तोवर होडी काय किनाऱ्यावर ठेवू?" मी सगळे सुटे भाग काढले, काचेच्या भांड्यात कडक गरम पाणी घेतलं, त्यात कुटलेली तुरटी विरघळेनाशी होईपर्यंत घातली आणि हाउसिंग भोक वर करून बुडवलं. खाली मंद आच, पाणी उकळू द्यायचं नाही, पण हात घालवणार नाही इतकं गरम. दहा मिनिटांत भोकातून बारीक बुडबुड्यांची सरळ माळ वर यायला लागली, फक्त त्या एकाच भोकातून, बाकी सगळं हाउसिंग शांत. काका बराच वेळ नुसते त्या माळेकडे बघत बसले होते. दर दोन-तीन तासांनी मी काढून तारेने काळा गाळ खरवडायचो, पाणी कमी झालं की भर घालायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी टॅपचा राहिलेला तुकडा हलवल्यावर खडखडला आणि भांड्यात पडला, बोल्टचं नुसतं काळं सालपट उरलं होतं. आट्यांवरून एम६ चा टॅप हाताने फिरवला, काही कापलं सुद्धा नाही.

बुडबुडे म्हणजे हायड्रोजन, त्यामुळे हे बंद खोलीत करू नका आणि स्वयंपाकाच्या भांड्यात तर नकोच. लोखंडी कढई नको, काच किंवा स्टेनलेस चालतं.

मग सगळ्यालाच तुरटी का नाही वापरत?

कारण ती बोल्ट आणि बाकीचं लोखंड यात फरक करत नाही. भागात बसवलेला लोखंडी बुश, बेअरिंग, सिलिंडरचा स्लीव्ह, डॉवेल पिन, बाकीचे चांगले स्टड, सगळं खाल्लं जाईल. अख्खं सिलिंडर हेड किंवा क्रँककेस यात बुडवायच्या आधी दहा वेळा बघा. मोठ्या बोल्टला दिवसच्या दिवस लागतात, आणि इतका वेळ ठेवलं तर मशीनिंग केलेले पृष्ठभाग पण थोडे काळपट पडतात. स्टेनलेसचा बोल्ट असेल तर तुरटीने काही होत नाही. चुंबक लावून बघा, नेहमीच्या ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसला तो धरत नाही किंवा अगदी कमी धरतो.

तुरटीपेक्षा ॲसिड पटकन काम करेल ना?

बाथरूम धुवायचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, ते ॲल्युमिनियमला लोखंडाच्या आधी खातं. नायट्रिकबद्दल लोक सांगतात, पण त्याचा तपकिरी धूर फुप्फुसं जाळतो. घरी नको, छोट्या वर्कशॉपमध्ये पण नको.

माझा भाग ॲल्युमिनियमचाच आहे हे कसं ओळखू?

हे विचारणारे फार कमी असतात, पण विचारायला पाहिजे. चेनसॉच्या आणि काही ग्रासकटरच्या क्रँककेस मॅग्नेशियमच्या असतात, दिसायला तशाच, वजनाला हलक्या. त्याचा बारीक चुरा पेटतो आणि पाणी टाकलं तर अजून भडकतो, म्हणून तिथे टॉर्च, वेल्डिंग, ग्राइंडर काही नाही, आणि तुरटीच्या पाण्यात पण तो टिकत नाही. आतल्या बाजूला कानशीने थोडी जागा घासा आणि व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच फेसाळलं तर मॅग्नेशियम, शांत राहिलं तर ॲल्युमिनियम.

ड्रिल वाकडं गेलं, आटे पण गेले. भाग फेकायचा का?

अजिबात नाही. हेलिकॉइल बसवा. एम६ साठी ६.३ चं ड्रिल, किटमधला त्याचा स्वतःचा टॅप (साधा एम६ नाही), आणि मग स्टेनलेसच्या तारेचं वेटोळं. नीट बसलं तर ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतं, कारण तार मोठ्या व्यासावर पकडते. भोक पार अंडाकृती झालं असेल तर टिग वेल्डिंगवाल्याकडून भरून घ्या आणि मिलिंग मशीनवर नव्याने भोक पाडा, हातातल्या ड्रिलने परत तोच खेळ नको.

परत बसवताना काय करू म्हणजे पुढच्या वर्षी हे होणार नाही?

भोकातून टॅप फिरवून पूड काढा, हवा मारा. बोल्ट नवीन घ्या. आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट चिकटू नये म्हणून लावायची पेस्ट) लावा, नुसतं ग्रीस काही महिन्यांत धुऊन जातं. खाऱ्या पाण्याच्या कामाला तांब्याचं अँटी-सीझ मी वापरत नाही, कारण तांबं हा ॲल्युमिनियमशेजारी नको असलेला अजून एक धातू झाला. निकेलचं किंवा मरीन म्हणून मिळतं ते घ्या. स्टेनलेस बोल्ट घातला की प्रश्न सुटला असं समजू नका, बोल्ट गंजत नाही पण खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला तो उलट जास्त खातो, त्यामुळे अँटी-सीझ त्यालाही हवंच.

अँटी-सीझ लावलेला बोल्ट हलका फिरतो, म्हणून कोरड्या बोल्टचा टॉर्क त्याला दिला तर प्रत्यक्षात ताण जास्त बसतो. एम६ ला मॅन्युअलमध्ये १० न्यूटन मीटर कोरड्या आट्यांसाठी दिलं असेल तर मी ८ वर थांबतो. आणि होडीचं मशीन असेल तर बंदीच्या दोन महिन्यांत, जुलैच्या मध्यात एकदा, कव्हरचे बोल्ट एक एक करून अर्धा फेरा सोडा आणि परत बसवा. वीस मिनिटांचं काम आहे.